साहेब बसले की

"चोर-स्विच कुठं बसवलाय ते निमूटपणे सांगा," रणनवरे साहेब म्हणाले, "म्हणजे तुमचाही वेळ वाचेल आणि माझाही."

मी नुकता सायकलवरून उतरत होतो. खांद्याला हत्यारांची पिशवी, हातात टेस्ट लॅम्प. गाडीला अजून बोटसुद्धा लावलं नव्हतं. गिऱ्हाइकाने मला इतक्या लवकर निदान सांगितल्याची ही पहिलीच वेळ होती.

"कोणता चोर-स्विच, साहेब?"

"गावात चोर-स्विच बसवणारे तुम्ही एकटेच ना? हटवार ऑटो इलेक्ट्रिक?"

हे मात्र खरं होतं. चोर-स्विच म्हणजे गाडीत कुठंतरी लपवलेलं छोटं बटण. ते बंद असलं की पेट्रोलच्या पंपाला वीज मिळत नाही, गाडी चार हात चालून मरते, आणि चोर नशिबाला बोल लावत पळून जातो. साकोलीतल्या निम्म्या गाड्यांना ते मीच बसवलेलं होतं. कुणाच्या गाडीत कुठं आहे ते मी आजही सांगणार नाही. पण या गाडीत मी काही बसवलेलं नव्हतं, आणि तसं मी साहेबांना सांगितलं.

"मग आणखी कुणी बसवलाय. शोधा. चार वाजेपर्यंत वेळ आहे."

चार वाजता नागपूरला फॅक्स जाणार होता. ड्रायव्हर शालिकराम वलथरेच्या निलंबनाचा आदेश टाइप होऊन टेबलावर पडलेला होता, फक्त सही बाकी होती. शालिकराम त्या वेळी गाडीशेजारी उभा राहून फडक्याने बॉनेट पुसत होता. ते आधीच चकाकत होतं, तरी पुसत होता.

ही गोष्ट वीस-बावीस वर्षांपूर्वीची, ऑगस्टमधली. तेव्हा आमच्याकडे शिंगाडा विकास महामंडळाचं कार्यालय होतं. शिंगाडा म्हणजे तोच, तळ्यात होतो आणि उपासाला चालतो तो. त्याचा विकास करायला अकरा माणसं, एक पांढरी पेट्रोल गाडी आणि एक गोदाम. गोदामात वाळलेल्या शिंगाड्यांची पोती होती. ती एका प्रदर्शनासाठी आणली होती आणि ते प्रदर्शन दोन वर्षं पुढं ढकललं जात होतं. तळ्यांतले शिंगाडे आपापले वाढत होते.

रणनवरे साहेब जूनमध्ये साताऱ्याकडून बदलून आले. आल्याआल्या गोंदियाचा अतिरिक्त कार्यभारही त्यांच्याच गळ्यात पडला. माणूस चांगला उंचापुरा आणि भरभक्कम. ते दारातून आत आले की खोलीतला उजेड थोडा कमी व्हायचा. हसताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. आठवड्यातून दोनदा गोंदियाला जायचं, आणि दरवेळी गाडी वाटेत बंद.

त्यांनी खिशातून डायरी काढून माझ्यापुढं धरली. तारीख, वेळ, ठिकाण. एकोणीस नोंदी.

"एकोणीस वेळा मी रस्त्यावर उतरलोय. लोक बघतात. आणि मी उतरलो की हा माणूस किल्ली फिरवतो आणि गाडी चालू. याचा अर्थ काय होतो, तुम्हीच सांगा."

मी शालिकरामकडे पाहिलं. तो खाली पाहत होता.

"त्याला लेखी खुलासा मागितला," साहेब म्हणाले. "लांजेवार, वाचा."

लांजेवार म्हणजे तिथले मोठे बाबू. फाइल त्यांच्या काखेतच असायची. त्यांनी घसा साफ करून वाचलं: "सविनय सादर करतो की, साहेब बसले की गाडी बंद पडते. साहेब उतरले की चालू होते. आपला आज्ञाधारक."

"हा खुलासा आहे?" साहेबांनी मला विचारलं.

मला हसू येत होतं, म्हणून मी बॉनेट उघडलं आणि त्यात डोकं घातलं.

फ्यूज पाहिला, ठीक. रिले काढून दुसरा लावून पाहिला, ठीक. टेस्ट लॅम्प जिथं जिथं लावावा तिथं तिथं पेटत होता. अशा गाडीत पंप मागं, पेट्रोलच्या टाकीतच असतो. किल्ली फिरवली की दोन सेकंद तो बारीक आवाजात गुणगुणतो, मग गप्प होतो. ते गुणगुणणं ऐकू आलं की समजायचं, पंपापर्यंत वीज पोचते आहे. मी वीस वेळा किल्ली फिरवली. वीसही वेळा पंप गुणगुणला.

मग चोर-स्विच शोधला. डॅशबोर्डखाली, पायदानाखाली, सिगारेट लायटरच्या मागं, गीअरच्या कातड्याच्या आत. मी स्वतः जिथं जिथं लपवतो त्या सगळ्या जागा पाहिल्या. काही नव्हतं. सापडला असता तर शालिकराम गेला असता, आणि सापडला नाही म्हणून मी त्याला पाठीशी घालतोय असं ठरणार होतं. दोन्हीकडून माझंच तोंड काळं.

मी शालिकरामला घेऊन लाखनीच्या बाजूला सहा-सात किलोमीटर गाडी पळवून आणली. मागं शिपाई गोमाजी बसला होता. गाडी पाण्यासारखी गेली, पाण्यासारखी आली.

परत येताना मी विचारलं, "शालिककाका, खरं सांगा. बटन बसवलं का कुठं?"

"तुले तरी तसं वाटते का, खेमराज?"

"मले वाटून काय होते?"

त्याने सफारीची कॉलर सारखी केली. सत्तावन्न वर्षांचा वाळका माणूस. तीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही. पांढरा सफारी घरी स्वतः इस्त्री करायचा.

"एकतीस मार्चले निवृत्त होऊन राहिलो मी," तो म्हणाला. "आठ महिने राहिले. आता निलंबित होऊन घरी गेलो तं बायकोले काय सांगू? साहेब बसले की गाडी बंद पडते, मनून घरी आलो?"

मागून गोमाजी म्हणाला, "पन खरंच बंद पडते जी. आमी समद्यानं पाह्यलं."

"गोमाजी," मी म्हटलं, "गाडीला साहेब ओळखता येत नाही."

"इले येते."

मी ठरवलं, एकदा डोळ्यांनी पाहू. साहेबांना विनंती केली. ते बाहेर आले. गोमाजीने मागचं डावं दार उघडलं, सीटवरचा पांढरा टॉवेल सारखा केला आणि साहेब बसले. शालिकरामने गाडी सुरू केली. फाटकापर्यंत वीस हात गेली असेल, दोन आचके दिले आणि बंद. मी खिडकीतून हात घालून स्वतः किल्ली फिरवली. पंप गुणगुणला नाही. साहेब उतरले. किल्ली फिरवली. गुणगुणला.

खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर काटा आला. पंधरा वर्षं मी गाड्यांच्या वायरी उकलत होतो. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आणि तो ठेवायची पाळी एका शासकीय वाहनामुळे यावी याचा मला फार संताप आला.

"साहेब, पुन्हा एकदा बसता का?"

"मी काय तुमचा टेस्ट लॅम्प आहे?" साहेब म्हणाले आणि आत निघून गेले.

दोन वाजून गेले होते. काही सुचेना म्हणून मी साहेबांच्या जागेवर जाऊन बसलो. टॉवेल बाजूला करून बसलो, तरी गोमाजीने डोळे वटारले. "काका, किल्ली फिरवा," मी म्हटलं. पंप गुणगुणला. पुन्हा फिरवायला सांगितली. आणि या वेळी तो गुणगुणणारा आवाज नेमका कुठून येतोय हे माझ्या ध्यानात आलं. तो बरोबर माझ्या बुडाखालून येत होता.

"काका, साहेबांच्या आधी या जागेवर कोण बसे?"

"कोनीच नाही. मेश्राम साहेब पुढंच बसत, माझ्याजवळ. सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत, गोष्टी सांगत. अठरा वर्षं पुढंच बसले. मागं फायली राहत, डबा राहे."

"आणि रणनवरे साहेब आले ते मागंच बसले?"

"पहिल्या दिवसापासून. दार उघडून उभा राह्यलो पुढचं, तं म्हनले, मागचं उघडा."

टाकी मागच्या सीटच्या खाली. टाकीत पंप. पंपाच्या डोक्यावर वायरींचा जोड. त्यावर सीट, आणि सीटवर साहेब. मला इतकं साधं कळायला अडीच वाजले होते.

मी सीट उचलायला हात घातला तोच लांजेवार बाबू व्हरांड्यातून धावत आले.

"हात लावू नका. शासकीय वाहनाचं आसन आहे. जडवस्तू नोंदवहीत आहे. काढायचं तर नागपूरची तांत्रिक मंजुरी लागेल."

"किती दिवस लागतील?"

"सहा-आठ महिने धरा."

"चार वाजता याची नोकरी जाणार आहे, बाबू."

"त्याला नियम काय करणार?"

मी डोकं धरलं. सीट उचलता येत नाही. साहेब पुन्हा बसणार नाहीत. गोमाजी बसला तर गाडीला पत्ताच लागत नाही. म्हणजे पाहिजे होतं ते साहेबांइतकं वजन. समोर गोदामाचं दार अर्धवट उघडं होतं, आणि मला आत पोती दिसली.

"बाबू, शिंगाड्याची पोती हलवायला मंजुरी लागते?"

लांजेवारांनी विचार केला. माणूस वाईट नव्हता, फक्त नियमातून वाट सापडल्याशिवाय त्याचा पाय पुढं पडत नसे. "हलवायला लागत नाही. वापरायला लागते."

"वापरत नाही. बसवतो."

"बसवण्याबाबत परिपत्रकात काही नाही," ते म्हणाले, आणि गोदामाचं अर्धवट उघडं दार त्यांनी स्वतः पूर्ण उघडून दिलं.

एका पोत्यात चाळीस किलो. पहिलं पोतं डाव्या जागेवर ठेवलं. शालिकरामने फाटकापर्यंत नेऊन आणली. काही नाही. दुसरं पोतं त्यावर. काही नाही. तिसरं बसेना, छताला लागत होतं. मग मी गोमाजीला म्हटलं, वर बस. तो वाकून, मान आखडून पोत्यांवर बसला, आणि लगेच खाली उतरला.

"काय झालं?"

"टावेल," तो म्हणाला. साहेबांच्या जागेवर टॉवेलाशिवाय त्याला बसवेना. त्याने पोत्यांवर टॉवेल अंथरला, चारी कोपरे सारखे केले आणि मग चढून बसला. शालिकरामने सवयीने दार हळूच लावलं.

एव्हाना सगळं कार्यालय खिडक्यांत आलं होतं. गाडी निघाली. मी बाजूने पळत होतो. फाटकापाशी दोन आचके, आणि बंद. मी हात घालून किल्ली फिरवली. पंप मुका. गोमाजीला उतरवलं. पंप गुणगुणला. पुन्हा बसवलं. मुका. उतरवलं. गुणगुणला.

"चढ," मी ओरडत होतो, "उतर. चढ. उतर." मला इतका आनंद झाला होता की गोमाजीच्या गुडघ्यांचा विचारच आला नाही. शालिकराम स्टिअरिंग धरून बसला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला आरशात दिसलं.

"हे काय चाललंय?"

व्हरांड्यात रणनवरे साहेब उभे होते. खिडक्यांतली डोकी नाहीशी झाली. गोमाजी वर चढलेला होता, तो तसाच वाकून राहिला. साहेब पायऱ्या उतरून गाडीपाशी आले. आपल्या जागेवर दोन पोती, त्यांवर आपला टॉवेल, टॉवेलावर आपला शिपाई, हे सगळं त्यांनी नीट पाहिलं.

"हे कोण आहे?"

लांजेवार माझ्याकडे पाहायला लागले, मी गोमाजीकडे. शेवटी शालिकराम गाडीतून उतरला, दोन्ही हात शिवणीला लावून उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, हे तुमी आहा."

लांजेवारांनी डोळे मिटून घेतले.

मी मग घाईघाईने सांगायला लागलो. पंप कुठं असतो, जोड कुठं असतो, सीट दबली की काय होतं. वीज एका वायरीने पंपाकडे जाते आणि दुसऱ्या वायरीने गाडीच्या पत्र्यात परत येते. त्या परतीला आम्ही अर्थ म्हणतो. तो अर्थच वरच्या दाबाने तुटत असणार. साहेब ऐकत होते की नाही कळत नव्हतं.

"किती किलो आहे हे?" त्यांनी विचारलं.

"दोन पोती. वर गोमाजी."

"गोमाजी किती?"

"पन्नास असन जी," गोमाजी वरून म्हणाला. "जेवून."

"म्हणजे एकशे तीस."

"त्यात बारदान आलं, साहेब," लांजेवार घाईने म्हणाले. "बारदान वजा जाता पुष्कळ कमी भरेल."

साहेबांनी डायरी काढली. एकोणीस नोंदींवरून त्यांचं बोट खाली खाली गेलं. मग ते व्हरांड्याच्या पायरीवर बसले. एवढा मोठा माणूस एकदम लहान दिसायला लागला.

"म्हणजे कुणी मुद्दाम करत नव्हतं?" त्यांनी विचारलं. प्रश्न माझ्याकडे नव्हता. "मी एकटा आलोय इकडं. घरचे तिकडं. पहिल्या आठवड्यापासून मला वाटत होतं, तुम्ही सगळे मिळून हे करताय. मी रस्त्यावर उभा असतो तेव्हा आत बसून तुम्ही हसता, असं वाटायचं मला."

कुणीतरी नाही म्हणायला हवं होतं. लांजेवारांनी तोंड उघडलंही होतं. पण शालिकराम आधी बोलला.

"हासत होतो जी," तो म्हणाला. "मनातल्या मनात. पन बंद नोहतो करत."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि ते हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग मोठ्याने. हसता हसता चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले, आणि पुसतच राहिले. सकाळपासून मी त्या माणसाला मनात शिव्या घालत होतो. आता मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचाच थोडा राग आला.

निलंबनाचा आदेश त्यांनी फाडला. पण लांजेवार हटेनात. "साहेब, जावक क्रमांक पडलाय. त्या क्रमांकाने नागपूरला काहीतरी गेलंच पाहिजे."

"मग यांचा अहवाल पाठवा."

साडेतीनला मी त्यांच्या टेबलाशी बसून लिहायला लागलो: 'साहेबांच्या वजनामुळे...' लांजेवारांनी माझा हात धरला.

"वजन लिहू नका. नागपूरला साहेबांचं वजन म्हटलं की भलतंच समजतील."

"मग काय लिहू? साहेब जाड आहेत?"

"भार लिहा. भार हा शासकीय शब्द आहे."

शेवटी त्यांनीच सांगितलं आणि मी लिहिलं: 'अधिकाऱ्यांवरील अतिरिक्त भारामुळे वाहनाच्या इंधन पंपाचा अर्थ खंडित होतो. तांत्रिक मंजुरी मिळून दुरुस्ती होईपर्यंत मागील डाव्या आसनाचा वापर टाळावा.' चारला दोन मिनिटं कमी असताना फॅक्स गेला.

पाच वाजता साहेब घरी निघाले. शालिकरामने पुढचं दार उघडलं. मागचं उघडायची सोयच नव्हती, पोती अजून तिथंच होती. साहेब शालिकरामच्या शेजारी बसले आणि गाडी फाटकातून सरळ बाहेर पडली.

साहेबांना सोडून शालिकराम गाडी धुवायला तळ्यावर न्यायचा. त्या दिवशी मी त्याला वाटेत माझ्या दुकानापाशी थांबवलं. सदोष गाडी डोळ्यांसमोरून गेली की मला जेवण जात नाही. मंजुरी गेली खड्ड्यात म्हणत मी पोती उतरवली आणि सीट उचलली. जोडावरची झाकणी केव्हाच हरवली होती. सीटची तार घासून घासून अर्थची वायर आतल्या आत तुटली होती, वरचं आवरण तेवढं शाबूत. दाबलं की टोकं अलग व्हायची, सोडलं की चिकटायची. दहा मिनिटांत मी नवा तुकडा जोडला, टेप मारली आणि वर रबराची गादी घातली.

"झालं," मी म्हटलं. "उद्या सांगा साहेबांना, खुशाल मागं बसा म्हणून."

शालिकराम हात पुसत उभा होता. "नको सांगू," तो म्हणाला.

"काऊन?"

"आज साहेबानं मले नाव इचारलं. वलथरे माहीत होतं, पुढचं नोहतं माहीत. मंग पोरं किती, गाव कोनतं. घर येईपर्यंत बोलत होते." त्याने सीट खाली दाबून बसवली. "जूनपासून या गाडीत कोनी बोललंच नोहतं, खेमराज. मले त्या आरशातून दिसे, मागं बसून नुसते बाहेर पाहत. आठ महिने तं राहिले माझे. बोलू दे थोडंसं."

मी गप्प राहायचं कबूल केलं. केलेली दुरुस्ती लपवायची म्हणजे माझ्या धंद्याला शरमेची गोष्ट, पण लपवली.

ऑक्टोबरमध्ये नागपूरहून उत्तर आलं. मंजुरी नव्हती. अहवालातला 'अतिरिक्त भार' वरिष्ठांनी गांभीर्याने घेतला होता आणि साहेबांकडचा गोंदियाचा अतिरिक्त कार्यभार काढून दुसऱ्याला दिला होता. लांजेवारांनी ते पत्र मला दाखवलं तेव्हा त्यांना हसावं की रडावं कळत नव्हतं. साहेबांना मात्र भलताच आनंद झाला म्हणे. ते आता संध्याकाळी शालिकरामबरोबर तळ्यावर जाऊन बसत. खर्रा खायला शिकले नाहीत, तेवढं एक बरं झालं.

तांत्रिक मंजुरी आली ती अठ्ठावीस मार्चला. वर्षअखेर होती, तरतूद परत गेली असती म्हणून आली. मी सायकल घेऊन गेलो. सगळं कार्यालय भोवती उभं, लांजेवार नोंदवही घेऊन सज्ज. मी आठ महिन्यांपूर्वी दुरुस्त केलेली वायर दुरुस्त करायला वाकलो. शालिकराम दूर जाऊन काच पुसायला लागला.

सीट उचलली. टॉर्च दाखवतो म्हणून साहेब माझ्या शेजारी वाकले.

"ही टेप जुनी दिसते," ते हळू आवाजात म्हणाले.

माझ्या हातातली पक्कड तशीच राहिली.

"दिवाळीत शालिकराम चार दिवस रजेवर होता," साहेब तसेच वाकून म्हणाले. "बदली ड्रायव्हरला सवय नव्हती, त्याने मागचं दार उघडलं. मी बसलो. भंडाऱ्याला गेलो आणि आलो. एकदाही बंद पडली नाही."

"मग साहेब, तुम्ही..."

"मग काय. शालिकराम आल्यावर पुढं बसलो." त्यांनी टॉर्च सरळ धरला. "नवी टेप गुंडाळा. लांजेवार बघतायत."

मी नवी टेप गुंडाळली. लांजेवारांनी दुरुस्ती पूर्ण झाल्याची नोंद घेतली, साहेबांनी सही केली, मीही केली.

एकतीस तारखेला निरोप समारंभ झाला. निवृत्त झालेल्याला कार्यालयाच्या गाडीतून घरी पोचवायची तिथं पद्धत होती. पण ड्रायव्हरच निवृत्त झालेला, तर गाडी चालवणार कोण? साहेब म्हणाले, मी. लांजेवारांनी नियमाचं काहीतरी काढलं. साहेब म्हणाले, नियम उद्या.

गोमाजीने मागचं डावं दार उघडलं. सीटवर नवा पांढरा टॉवेल होता. गळ्यात हार, हातात नारळ आणि शाल, असा शालिकराम त्या टॉवेलावर बसला. तीस वर्षांत तो त्या जागेवर पहिल्यांदाच बसला असेल. मान ताठ, डोळे समोर, आणि चेहरा असा की कुणी काही बोललं असतं तर रडूच आलं असतं त्याला. साहेबांनी गाडी सुरू केली. आम्ही टाळ्या वाजवल्या. गाडी फाटकापर्यंत गेली आणि बंद पडली.

टाळ्या थांबल्या. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तीनच दिवसांपूर्वी मी सही केली होती. माझे कान तापले, मी धावत फाटकाकडे गेलो आणि पुढच्या खिडकीतून आत वाकलो. किल्ली उलटी फिरवलेली होती. साहेबांची दोन बोटं अजून तिच्यावरच होती. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी मागं सरलो.

साहेब मान वळवून म्हणाले, "शालिकराम, साहेब बसले की ही गाडी बंदच पडते. पुढं या."

शालिकरामने नारळ आणि शाल टॉवेलावर ठेवली. मग हार सावरत उतरला, गाडीला वळसा घालून आला आणि साहेबांच्या शेजारी बसला. किल्ली फिरली. मी अगदी जवळ होतो, पंप दोन सेकंद गुणगुणलेला मला स्वच्छ ऐकू आला. गाडी फाटकातून बाहेर पडली, आणि त्या दोघांचं बोलणं सुरू झालेलं मागच्या काचेतून दिसत होतं.

लांजेवार नोंदवही घेऊन धापा टाकत माझ्यापाशी आले. "वाहन बंद पडल्याची नोंद घ्यावी लागेल," ते म्हणाले. "कारण काय लिहू?"

"लिहा," मी म्हटलं, "अतिरिक्त भार."